लॅब बुडाली, आधी काय उचलू?

मातीविषयी वाचकांचे प्रश्न : सप्टेंबर २०२१

या खेपेला आलेली निम्म्याहून जास्त पत्रं पुराची आहेत. चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) जमिनीवरची आणि हळदीवरची पत्रं त्यामुळे मागे ठेवली आहेत, त्या मंडळींनी राग मानू नये.

प्रश्न : मॅडम, मी पंचगंगेकाठच्या एका कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवतो. २०१९ ला पाणी आत आलं तेव्हा आम्ही यंत्रं टेबलांवर चढवली. पाणी टेबलाच्या कडेला टेकून उतरलं. यंदाही तेच केलं, पण पाणी वीतभर वर गेलं. फ्लेम फोटोमीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, ओव्हन, मफल फर्नेस, शेकर सगळं चिखलात आहे. मातीच्या नमुन्यांचं कपाट आडवं झालंय. जुनी रजिस्टरं भिजली, ती पोत्यांत भरून ठेवली आहेत. कोरोनामुळे विद्यार्थी गावी आहेत, हाताखाली दोन माणसं. वरिष्ठ म्हणतात, आधी यंत्रांची यादी करून प्रस्ताव पाठवा. सुरुवात कुठून करू?
– एक सहायक प्राध्यापक

उत्तर : सर, पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, कारण पोत्यातली ओली रजिस्टरं अंक छापून येईपर्यंत थांबत नाहीत. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला तुमच्यासारखे बरेच जण सध्या हातात खराटा घेऊन उभे असणार.

तुमची वीतभर खरी आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पंचगंगा तिथे ५५ फुटांच्या पुढे गेली, यंदा ५६ च्या पुढे. मागच्या पुराची रेघ बघून टेबलाची उंची ठरवणाऱ्या सगळ्यांनाच नदीनं यंदा फसवलं.

आत पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या, स्वतः हात लावू नका. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची भीती असते, म्हणून पायाला जखम असेल त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय चिखलात उतरू नये. मग बाटल्या. आपल्या लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब काढायला पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतंच असतं. डायक्रोमेट म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, कर्करोगाला निमंत्रण. ते चिखलाबरोबर पंपानं गटारात सोडायचं नाही. आम्लाच्या बाटलीत पाणी गेल्याची शंका असेल तर बूच उघडायचं नाही, आत उष्णता निर्माण होते आणि आम्ल तोंडावर उडतं. लेबल धुऊन गेलेली बाटली ही अनोळखी बाटली. वास घेऊन ओळखणारे महाभाग प्रत्येक विभागात एक तरी असतात, त्यांना बाहेर चहाला पाठवा. अशा बाटल्या क्रेटमध्ये उभ्या ठेवा, फुटलेले थर्मामीटर आणि त्यातला पारा वेगळा ठेवा, आणि हा सगळा घातक कचरा प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेलाच द्या.

इतकं झालं की कागद. यंत्रं नव्हे, कागद.

वरिष्ठांचा आग्रह मला समजतो. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद असलेली वस्तू पंचनाम्याशिवाय हलवली तर पुढे निर्लेखन समितीसमोर, म्हणजे बाद वस्तू नोंदीतून काढणाऱ्यांसमोर, तुम्हालाच उभं राहावं लागतं. म्हणून जागेवरच प्रत्येक यंत्राचा फोटो काढा, नंबर दिसेल असा, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत घ्या. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रस्तावाची भाषा नंतर घोळवा. यंत्र गेलं तर दुसरं येतं. उशिरा येतं, तीन कोटेशनं आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या फेऱ्या घालून येतं, पण येतं. तुमच्या खतांच्या जुन्या प्रयोगाचं फील्डबुक मात्र कुठल्याच पोर्टलवर नाही. कोणत्या वाफ्याला कोणत्या वर्षी काय घातलं हे एकदा पुसलं, की पंचवीस वर्षांचा प्रयोग म्हणजे नुसतं शेत.

भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो, आणि पोत्यात तर लवकरच. रजिस्टर मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्याच्या टबात बाहेरचा चिखल धुवायचा. उघडून धुवायचं नाही, शाई सुटते. उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, दर काही पानांनंतर कोरा टीपकागद घालून वाळवायचं, टीपकागद ओला झाला की बदलायचा. गुळगुळीत कागदाची जर्नल्स आधी घ्या, ती वाळताना विटेसारखी घट्ट होतात. यंत्रातून निघालेल्या थर्मल पट्ट्यांवर अक्षर दिसत असेल तर आजच मोबाइलवर फोटो काढा.

आणि रजिस्टरं हाताबाहेर असतील तर गोठवा. हे ऐकून तुम्ही फोनवर हसलात, पण १९९७ च्या जुलैत अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर पाण्यानं भरलं, लाखो पुस्तकं भिजली, तेव्हा ती गोठवूनच वाचवली. नंतर निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ केली, म्हणजे कागद पुन्हा ओला होत नाही. आपल्याकडे तो कक्ष नाही मिळाला तरी गोठवल्यानं बुरशी थांबते, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि मग एकेक रजिस्टर काढून वाळवता येतं. मात्र तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं यासाठी चालत नाहीत. ती थंड ठेवतात, गोठवत नाहीत. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर हवा, आणि पावसाळ्यात तो बहुधा रिकामाच असतो. प्रत्येक रजिस्टर वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर सगळ्यांचा एकच गोळा होतो.

आता नमुन्यांचं कपाट. आम्ही २०१९ ला एका विभागात मदतीला गेलो होतो, तेव्हा तिथलं कपाट असंच आडवं होतं. प्लॅस्टिकच्या बरण्या तरंगून छताच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या होत्या, कापडी पिशव्या खाली चिखलात चिखल. जेल पेननं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर निळा डाग तेवढा उरला होता. पण तिथल्या एका जुन्या लॅब मामांना एक खोड होती. ते प्रत्येक पिशवीत शिसपेन्सिलीनं लिहिलेली दुसरी चिठ्ठी टाकायचे, घडी करून, मातीच्या आत. नव्या पोरांनी त्यावरून त्यांची टिंगल केली होती. पिशवी पिळून आतली ती चिठ्ठी उलगडली, तर गाव, गट नंबर, खोली, तारीख, सगळं वाचता येत होतं. ग्रॅफाइटला पाण्याचं काही वाटत नाही. मी तेव्हापासून सह्यासुद्धा पेन्सिलीनं करावं म्हणते, पण लेखा विभाग ऐकत नाही.

झाकण घट्ट राहिलेली, आत टिपूस न गेलेली बरणी पुसून ठेवा, ती शाबूत आहे. आत पाणी गेलं असेल तर तो नमुना उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश यांसाठी संपला. वाळलेली माती ओली झाली की त्यातले जिवाणू जागे होतात आणि नत्राचं गणित बदलून टाकतात. पुराच्या पाण्यातला गाळही आत गेलेला, म्हणून वाळू-पोयटा-चिकणमातीचं प्रमाणसुद्धा भरवशाचं नाही. असे नमुने फेकू नका, सावलीत वाळवून लाल खडूनं ‘पूरबाधित’ लिहा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकाला द्या. संशोधनाच्या आकड्यात त्यांना घुसू द्यायचं नाही. मातीच्या बरण्या सांभाळून काय मिळतं, असं प्रस्ताव तपासणारा कुणी विचारेल. इंग्लंडातल्या रॉथम्स्टेडला ब्रॉडबाल्कचा गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. तिथे माती आणि धान्याचे तीन लाखांच्या आसपास नमुने साठवलेत, आणि हवेतून जमिनीवर बसणारी प्रदूषकं कशी वाढत गेली हे त्याच जुन्या बरण्या उघडून मोजलं. नमुना भरणाऱ्यानं त्या प्रदूषकांची नावंसुद्धा ऐकलेली नव्हती.

यंत्रांचं थोडक्यात सांगते. काच वाचते : ब्युरेट, पिपेट, फ्लास्क आधी साध्या पाण्यानं, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. मापाची काच ओव्हनमध्ये तापवू नका. शेकरची मोटर तुमच्या बाजारपेठेतला रिवाइंडिंगवाला दोन दिवसांत करून देईल, तो शेतपंपांच्या मोटरी भरून बसलेला असला तरी कॉलेजचं नाव सांगा. ओव्हनच्या भिंतीतली काचलोकर भिजलेली असते, ती बदलल्याशिवाय आणि मेगर (वीज बाहेर झिरपते का हे बघणारं यंत्र) लावून तपासल्याशिवाय चालू नको. मफल फर्नेसच्या विटा पाणी पितात. एकदम ९०० अंशांवर नेली तर तडकते, काही दिवस अगदी मंद तापवून आधी सुकवा. सेंट्रिफ्यूजच्या रोटरला गंजाचा ठिपका दिसला तरी तो भंगारात, फिरताना फुटला तर गोळीसारखा येतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या ग्रेटिंगवर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणाऱ्या पट्टीवर, गाळ बसला असेल तर आशा सोडा. माती किती पाणी धरते हे मोजणाऱ्या प्रेशर प्लेटचं भांडं पोलादी असल्यानं टिकेल, आतल्या सिरॅमिक प्लेटच्या छिद्रांत मात्र गाळ शिरतो आणि मग ती खोटं बोलते. मनसेल रंगपुस्तिका भिजली असेल तर ‘अजून दिसतंय की’ म्हणून वापरू नका, रंग उतरलेल्या पट्टीवरून मातीचा रंग ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

सगळं लागलं, दिवे पेटले, म्हणून शेतकऱ्याचा नमुना लगेच घेऊ नका. आधी डिस्टिल्ड पाण्याचा सामू (pH) आणि क्षारता बघा. मग ज्याचे आकडे तुम्हाला पाठ आहेत असा जुना चेक नमुना चालवा. तो बुडाला असेल तर दुसऱ्या लॅबकडून दहा नमुने त्यांच्या आकड्यांसकट मागवा, आकडे बंद पाकिटात. तुमचे आकडे काढून झाले की पाकीट उघडून ताडा, जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा. मृद आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे छापून जातात आणि शेतकरी त्यावर खतं विकत घेतो.

प्रश्न : मॅडम, माझी शिरोळ तालुक्यात नदीकाठी जमीन आहे. ऊस आठ दिवस पाण्याखाली होता, आता वर चार बोटं गाळ बसलाय. माती तपासायची म्हटलं तर कॉलेजची लॅबच बुडालीय म्हणतात. नमुना आताच काढून ठेवू का? भावकीतले म्हणतात, गाळ म्हणजे सोनं, यंदा खताचा खर्च वाचला.
– एक ऊस उत्पादक

उत्तर : दादा, लॅब बंद आहे हे या घडीला तुमच्या पथ्यावरच पडलंय. आता काढलेला नमुना तुम्हाला चुकीचं सांगेल.

जमीन पाण्याखाली गेली की मुळांच्या आसपासचा प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग जिवाणू नायट्रेट वापरायला लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. लोह आणि मँगनीज विरघळतात, लोहानं धरून ठेवलेलं स्फुरदही मोकळं होतं. काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू एरवी आठच्या वर असतो, तो तात्पुरता खाली येतो. अशा वेळी नमुना दिला तर कागदावर स्फुरद भरपूर दिसणार, तुम्ही सुपर फॉस्फेट टाळणार, आणि जमीन वाळली की तेच स्फुरद पुन्हा अडकून बसणार. म्हणून वाफसा येऊ दे, एकदा औत फिरू दे, जमीन चांगली हवा खाऊ दे, मग नमुना.

गाळाचं म्हणाल तर भावकीचं अर्धं खरं. बारीक गाळात थोडं पालाश असतं, सेंद्रिय भागही असतो, पण नत्राच्या नावानं ठणठणाट. शिवाय तो वाळला की वर पापुद्रा धरतो आणि खालच्या मुळांचा श्वास कोंडतो. चार बोटं आहे तर मोडून मातीत मिसळा. कुठे हातभर साचला असेल तर तो आधी ओढून काढावा लागेल. सऱ्यांतलं पाणी बाहेर काढायला चर पाडा, हे पहिलं काम. शिरोळकडे आधीच क्षारपड वाढलीय, पाणी मुरून बसलं की क्षार वर येतात.

उसाचे पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडून बघा. पोंग्यात गाळ जाऊन आतला कोंब कुजला असेल तर त्या उसाची वाढ संपली, तो पांगशा (बाजूचे फुटवे) फोडत बसेल. असा ऊस कारखान्याला लवकर घालवण्याच्या मागे लागा. शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल त्याला नत्राचा हप्ता द्या, विभागून द्या.

आणखी एक. पुढे त्याच रानात मका घेणार असाल तर सुरुवातीला पानं जांभळी पडली म्हणून घाबरू नका. १९९३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी-मिसुरीला महापूर आला, त्यानंतरच्या हंगामात मक्यावर हेच दिसलं. मुळांना स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी जिवंत मुळांवर जगते, रान पडीक आणि बुडालेलं राहिलं की तिची संख्या घटते. बियाण्याजवळ थोडं स्फुरद द्या, आणि मधल्या काळात रान उघडं टाकू नका, ताग किंवा धैंचा पेरा.

नमुना घेताना बांध, उकिरडा, झाडाची सावली सोडा. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्या, आठ-दहा ठिकाणची एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवा. आणि हात जोडून सांगते, युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून आणू नका. दरवर्षी कुणीतरी आणतं, आणि त्याच्या जमिनीत नत्र धो-धो निघतं.

प्रश्न : मॅम, मी एम.एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी मी गोळा केलेले सगळे नमुने विभागातच होते, ते पुरात गेले. अर्ध्याच नमुन्यांचं विश्लेषण झालं होतं. त्याच ठिकाणांहून पुन्हा नमुने आणून उरलेले आकडे भरले तर चालेल का? जीपीएस नोंदी माझ्या मोबाइलमध्ये आहेत.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही बाळा, चालणार नाही. जागा तीच असली तरी माती ती राहिलेली नाही, वरच्या थरावर नवा गाळ आहे. पुराआधीचे अर्धे आणि नंतरचे अर्धे आकडे एका तक्त्यात घातले तर परीक्षकाच्या लक्षात येईल न येईल, पण ते विज्ञान नाही. उलट करून बघ. ज्या ठिकाणांचे आकडे पुराआधीच निघालेत तेवढीच ठिकाणं धर, तिथून वाफसा आल्यावर पुन्हा नमुने आण, गाळाचा थर वेगळा आणि खालची माती वेगळी. पुराआधी आणि पुरानंतर अशी एकाच जागेची जोडी फार थोड्या विद्यार्थ्यांच्या हाती लागते, कारण पूर येणार हे माहीत धरून आधी कुणी नमुने काढून ठेवत नाही. विषयाचं शीर्षक बदलावं लागेल, सल्लागार समितीची मंजुरी लागेल, मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल. पंचनाम्याची प्रत अर्जाला जोड. आणि जीपीएस नोंदी आज रात्री वडिलांच्या मेलवरसुद्धा पाठवून ठेव.

प्रश्न : २००५, २०१९ आणि आता २०२१. दर वेळी लॅब बुडते आणि दर वेळी तळमजल्यावरच पुन्हा मांडतात. सरकारी पैसा पाण्यात घालण्याऐवजी विभाग वरच्या मजल्यावर का नेत नाहीत?
– एक निवृत्त अभियंता, कोल्हापूर

उत्तर : साहेब, मृदाशास्त्र विभाग तळमजल्यावर असण्याला कारण आहे. माती पोत्यांनी येते, ओली येते. ती वाळवायला ओटा लागतो, कुटायला आणि चाळायला जागा लागते, आणि त्या धुळीजवळ नाजूक यंत्र ठेवता येत नाही. गॅस सिलिंडर जिन्यावरून चढवणं परवडत नाही. मोनोलिथ, म्हणजे जमिनीचा उभा काप लाकडी पेटीत बसवलेला असतो, तो चार माणसांना उचलत नाही. म्हणून जुन्या इमारती बांधणाऱ्यांनी सगळंच खाली ठेवलं.

पण तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि सगळंच खाली ठेवायची काही गरज नाही. वाळवणं, कुटणं, चाळणं खाली राहू दे. कुटणी आणि चाळण्या बुडाल्या तर धुऊन चालतात. तराजू, स्पेक्ट्रोफोटोमीटर, अणुशोषण यंत्र (जस्त, लोह यांसारखे धातू मोजणारं), रजिस्टरं आणि नमुन्यांची एक जोडप्रत वर न्या. एक किलो नमुना आला की पावशेर वरच्या बरणीत, अशी सवय लावली तर जागाही फार लागत नाही. आम्ल आणि डायक्रोमेटही खाली साठवू नका, आठवड्याला लागेल तेवढंच खाली असावं.

पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. सोळा वर्षांत तीन पूर बघितलेल्या माणसाला त्या पंचवीस नि शंभराचं हसू येईल. पण नव्या इमारतीचा प्रस्ताव जाईल तेव्हा लाल रेषेच्या बाहेरची जागा मागा, आणि त्याला यंदाच्या भिंतीवरच्या रेघेचा फोटो जोडा. वरच्या पत्रातल्या सरांकडे तो आहे. तुम्ही अभियंता आहात, त्यांच्या वरच्या मजल्याचा स्लॅब किती वजन पेलेल हे एकदा जाऊन बघितलंत तर त्यांचं निम्मं काम होईल. दोघांची हरकत नसेल तर पत्ते एकमेकांना कळवायला संपादकांना सांगते.